वाक्यान्ताची जागा : पूर्णविराम, शिरोरेषा आणि महानुभाव गद्याचे मुद्रण

१

मराठी लेखनपद्धतीविषयी आजवर जे वाद झाले ते बहुतेक सर्व अक्षरांचे वाद आहेत. अनुस्वार कोठे द्यावा, ऱ्हस्व कोठे आणि दीर्घ कोठे लिहावे, तत्सम शब्दांचे मूळ रूप कितपत जपावे, या प्रश्नांनी विद्वानांचा पुष्कळ वेळ घेतला. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली सिद्ध केलेले चौदा नियम आणि १९७२ साली त्यांत घातलेली चार नियमांची भर मिळून जे अठरा नियम आज प्रमाण मानले जातात, त्यांचा विषयही मुख्यतः हाच आहे. एक वाक्य संपल्यावर दुसरे सुरू होण्यापूर्वी कोरी जागा किती असावी, ती शब्दाशब्दांमधील जागेहून वेगळी असावी की नसावी, याविषयी त्या अठरा नियमांत एक अक्षरही नाही.

हा प्रश्न जुळाऱ्याचा आहे, भाषाभ्यासकाचा नव्हे, असे त्यावर सहज म्हणता येईल. शिशाचे खिळे जुळवून पुस्तके छापली जात तेव्हा जुळारी जागेचा निर्णय करी आणि संपादक त्याकडे क्वचितच पाहत असे. परंतु वाक्याची सीमा ही व्याकरणातील एक मूलभूत सीमा आहे. ती कागदावर कशाने दाखविली जाते, आणि दाखविणारे चिन्ह पुरेसे आहे की नाही, हा प्रश्न लिपिविचाराचा असल्याने तो भाषाशास्त्राच्या कक्षेत येतोच. वऱ्हाडात तर त्याला आणखी एक कारण आहे. मराठी गद्याचे सर्वांत जुने मोठे भांडार ज्या रिद्धपुराशी निगडित आहे ते अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात आहे. हे गद्य ज्या हस्तलिखितांतून आपल्यापर्यंत पोचले त्यांत आजच्या अर्थाने वाक्यान्ताची जागाच नाही. छापील प्रतींतील जागा संपादकांनी व जुळाऱ्यांनी निर्माण केलेली आहे, आणि त्या जागेवर भिस्त ठेवून आपण त्या गद्याविषयी काही सिद्धान्त मांडीत आलो आहोत. ते सिद्धान्त कितपत टिकतात हे पाहणे अगत्याचे आहे.

२

वाक्यान्ताच्या जागेविषयी आज जी मते ऐकू येतात ती इंग्रजी मुद्रणाच्या इतिहासातून आलेली आहेत. म्हणून तो इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे.

पूर्णविरामानंतर दोन जागा सोडण्याची रीत टंकलेखनयंत्राने निर्माण केली, असा एक समज रूढ आहे. तो बरोबर नाही. टंकलेखनयंत्र बाजारात आले १८७४ च्या सुमारास. त्याच्या पुष्कळ आधीपासून इंग्रजी पुस्तकांत वाक्यान्ती मोठी जागा सोडली जात असे. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची प्रसिद्ध नियमपुस्तिका १९०६ साली प्रथम निघाली. तिच्या आरंभीच्या आवृत्त्यांत शब्दांमध्ये एक तृतीयांश एम आणि वाक्यान्ती पूर्ण एक एम जागा सोडावी असा दंडक आहे. एम म्हणजे टंकाच्या उंचीइतकी रुंदी. याचा अर्थ असा की, त्या काळी वाक्यांमधील जागा शब्दांमधील जागेच्या तिप्पट मानली जात होती. टंकलेखनयंत्रावर सर्व अक्षरे एकाच रुंदीची असल्यामुळे या रीतीचे अनुकरण दोन कोऱ्या जागांनी करण्यात आले. म्हणजे दोन जागांची सवय हा यंत्राचा शोध नसून जुन्या मुद्रणाची नक्कल आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास ही रीत पालटली. यान चिकोल्ड या मुद्रणकाराने १९४७ साली पेंग्विन पुस्तकांसाठी जे नियम केले त्यांत वाक्यान्ती शब्दांमधील जागेइतकीच जागा ठेवावी असे सांगितले. पुढे हाच दंडक सर्वत्र रुजला. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनपुस्तिकेने २००९ च्या आवृत्तीत मसुद्यासाठी दोन जागांची शिफारस केली होती, ती २०१९ च्या आवृत्तीत मागे घेतली. २०२० साली मायक्रोसॉफ्टच्या वर्ड या प्रणालीने दोन जागा ही चूक म्हणून दाखविण्यास सुरुवात केली. अशा रीतीने इंग्रजीत हा वाद बहुतांशी मिटला आहे.

तो मिटण्यामागचे कारण येथे महत्त्वाचे आहे. रोमन लिपीत वाक्याची सीमा दोन बाजूंनी राखलेली असते. मागल्या वाक्याच्या शेवटी बिंदू असतो आणि पुढल्या वाक्याच्या आरंभी मोठे अक्षर असते. बिंदू नजरेतून निसटला तरी मोठे अक्षर वाचकाला थांबविते. जागा हा तेथे तिसरा पहारेकरी आहे. त्याला काढून टाकले तरी फारसे बिघडत नाही. २०१८ साली स्किडमोर महाविद्यालयात साठ विद्यार्थ्यांच्या नेत्रहालचाली मोजून एक प्रयोग झाला. दोन जागा असताना पूर्णविरामाच्या आसपास दृष्टी किंचित कमी वेळ रेंगाळते, परंतु अर्थबोधात फरक पडत नाही, असे त्यात आढळले. हा प्रयोग रोमन लिपीतील आणि समान रुंदीच्या टंकातील आहे. त्याचा निष्कर्ष देवनागरीस जसाच्या तसा लावणे शास्त्राला धरून होणार नाही. कारण देवनागरीत दुसरा पहारेकरी मुळातच नाही.

३

देवनागरीत मोठी व लहान अशी अक्षरांची दोन रूपे नाहीत. हे वैगुण्य नव्हे. आपल्या परंपरेला त्यांची गरजच पडली नाही. पोथीलेखनात शब्द सलग लिहिले जात आणि थांबण्याची जागा दंडाने दाखविली जाई. अर्ध्या श्लोकानंतर एक दंड, श्लोकाच्या शेवटी दोन, आणि प्रकरण संपले की दोन दंडांच्या मध्ये ‘छ’ हे अक्षर, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. मोडीची पद्धत तर याहून निराळी. मोडीत आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरे लटकवीत जायची. तेथे शब्दांमध्येच जागा नाही, मग वाक्यांमध्ये कोठून असणार? वाचक शब्द व वाक्य आपल्या भाषाज्ञानाने तोडीत असे. पाश्चात्त्य देशांतही प्राचीन लॅटिन लेखन असेच सलग होते. सातव्या-आठव्या शतकात आयर्लंडमधील मठवासीयांनी शब्द सुटे लिहिण्यास आरंभ केला आणि त्यातून मूकवाचनाची सवय वाढली, हे पॉल सेंगर यांनी आपल्या १९९७ च्या ग्रंथात दाखविले आहे. जागा ही वाचनपद्धतीशी बांधलेली असते, हा त्यातील बोध आपल्यालाही उपयोगी आहे.

मराठीला सुटे शब्द आणि विरामचिन्हे मिळाली ती मुद्रणाबरोबर. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपुरास छापले गेले. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले. मेजर टॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून इंग्रजी चिन्हांचा मराठीत व्यवस्थित परिचय करून दिला. पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने, १८६९ पासून, देवनागरी मुद्रणाला जे सौष्ठव आणले त्यात ही चिन्हे स्थिर झाली. या सर्व घडामोडीत मराठी गद्याने दंड सोडला आणि बिंदू स्वीकारला. हिंदीने तसे केले नाही; हिंदी गद्यात दंड आजही नांदतो. मराठीत दंड राहिला तो पद्यापुरता. अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे ज्यांनी आपले कार्य उभारले त्या तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ उघडली की प्रत्येक ओवीच्या शेवटी दोन दंड दिसतात; त्याच ग्रंथाविषयीचा गद्य लेख मात्र बिंदूंनी संपतो.

वऱ्हाडच्या वाचकाला हा भेद इतर मराठी प्रांतांपेक्षा अधिक जवळून दिसलेला आहे. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले आणि १९५६ पर्यंत हिंदी व मराठी या दोन भाषा एकाच राज्यकारभारात शेजारी होत्या. एकच लिपी, परंतु एका भाषेत वाक्यान्ती उभी रेघ आणि दुसरीत पायाशी टिंब, अशी स्थिती तेथील कागदपत्रांत होती. मेळघाटच्या सीमेवर आजही दोन्ही भाषांतील पाट्या जवळजवळ दिसतात. हा भेद केवळ सवयीचा नाही. त्याचे परिणाम वाचनावर होतात, आणि ते दोन प्रकारचे आहेत.

४

पहिला परिणाम दृष्टीचा. रोमन ओळीत अक्षरे तळरेषेवर उभी असतात आणि बिंदूही तळरेषेवरच असतो. देवनागरीत अक्षरे शिरोरेषेला लटकलेली असतात. शब्द म्हणजे शिरोरेषेची एक अखंड पट्टी, आणि शब्दान्त म्हणजे त्या पट्टीतील खंड. ओळ वाचताना नजरेला सर्वांत ठळक दिसते ती ही रेषा. इंग्रजीतून घेतलेला बिंदू मात्र तिच्यापासून दूर, पायाशी पडलेला असतो, आणि तेथे तो उकाराच्या मात्रांच्या व र-कारयुक्त जोडाक्षरांच्या शेपट्यांच्या शेजारी येतो. म्हणजे शिरोरेषेच्या पातळीवर पाहिले तर वाक्यान्त आणि शब्दान्त यांत काहीच फरक राहत नाही. दोन्ही ठिकाणी रेषा तुटते ती जवळजवळ सारखीच. हिंदीतील दंड शिरोरेषेपासून तळापर्यंत उभा असल्याने त्याला ही अडचण नाही. यावरून असे म्हणणे प्राप्त होते की, ज्या मराठीने दंड सोडला आणि जिला मोठे अक्षर नाही, तिला वाक्यान्तीच्या जागेची गरज इंग्रजीहून आणि हिंदीहूनही अधिक आहे.

दुसरा परिणाम संदिग्धतेचा. मराठीत बिंदू दोन कामे करतो : वाक्य संपवितो आणि शब्दाचा संक्षेप दाखवितो. ‘मु. पो. रिद्धपूर, ता. मोर्शी, जि. अमरावती’ या साध्या पत्त्यात चार बिंदू आहेत. त्यांतील एकही वाक्य संपवीत नाही. १९६९ साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे नाव संक्षेपाने लिहू म्हटले तर ‘डॉ. पं. दे. कृ. वि.’ असे पाच बिंदू पडतात. लोकांनी बिंदू टाकून ‘पंदेकृवि’ असा शब्दच बनविला आहे, आणि त्यामागे केवळ आळस आहे असे म्हणता येत नाही. हिंदीत दंड वाक्यासाठी राखलेला असल्यामुळे आणि संक्षेपासाठी लाघवचिन्हही उपलब्ध असल्यामुळे ही दोन कामे वेगळी राहतात. इंग्रजीत ती एकाच चिन्हाकडे आहेत, पण तेथे पुढील मोठे अक्षर बव्हंशी निवाडा करते. मराठीत निवाडा करणारे काहीच नाही.

यंत्राच्या बाबतीत ही गोष्ट फार स्पष्ट होते. डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत वाक्यान्तीची जागा आपोआप वाढविण्याची सोय आहे. परंतु बिंदूच्या आधीचे अक्षर मोठे असेल तर तो नावातील आद्याक्षराचा बिंदू समजून जागा वाढवू नये, असा नियम तिच्यात आहे. त्याचप्रमाणे युनिकोडच्या वाक्यसीमाविषयक सर्वसाधारण नियमांत, बिंदूनंतरचा शब्द लहान अक्षराने सुरू होत असेल तर वाक्य संपले असे धरीत नाहीत. हे दोन्ही नियम लहान-मोठ्या अक्षरांच्या भेदावर उभे आहेत. देवनागरी अक्षरास हा भेद लागू नसल्यामुळे ‘डॉ.’ या संक्षेपानंतर लगेच वाक्य संपले, असा निर्णय ते नियम देतात. दंडाच्या बाबतीत असा घोटाळा संभवत नाही. मराठी वाक्ये मोजणाऱ्या यंत्राने ‘प्रा. वि. भि. कोलते’ या नावाची चार वाक्ये केली, तर दोष यंत्राचा नसून आपण त्याला दिलेल्या चिन्हव्यवस्थेचा आहे.

५

यावर भाषाशास्त्राच्या अंगाने एक आक्षेप घेता येईल आणि तो वजनदार आहे. मराठी ही क्रियापदान्त भाषा आहे. कर्ता, कर्म, क्रियापद हा तिचा स्वाभाविक क्रम. आख्यात आले की वाक्य संपले हे वाचकाला भाषाच सांगते. मग बिंदू असला काय आणि त्यापुढे जागा कमीअधिक असली काय, काय बिघडते? मोडीचे वाचक विरामचिन्हांवाचून शेकडो वर्षे व्यवहार करीतच होते.

आक्षेपातील पूर्वार्ध खरा आहे. औपचारिक लेखनात, विशेषतः कार्यालयीन मराठीत, आख्यात हे वाक्यान्ताचे विश्वसनीय गमक आहे. परंतु बोलीचा प्रकार निराळा. बोलताना क्रियापदानंतर काळवाचक, स्थळवाचक किंवा संबोधनाचे शब्द येणे अगदी नेहमीचे आहे. वऱ्हाडी बोलीत तर ‘बा’, ‘गा’, ‘ना’ यांसारखे निपात आख्याताच्या मागून लागतात आणि वाक्याचा खरा शेवट त्यांच्यावर होतो. पुढील ओळ पाहावी :

तो आला काल रातीले पाणी आलं

ही ओळ दोन प्रकारे तोडता येते. ‘तो आला. काल रातीले पाणी आलं.’ असे तोडले तर रात्री पाऊस आला. माणूस केव्हा आला हे कळत नाही. ‘तो आला काल रातीले. पाणी आलं.’ असे तोडले तर माणूस रात्री आला. पावसाची वेळ कळत नाही. दोन्ही वाक्यरचना शुद्ध वऱ्हाडी आहेत. बोलताना स्वराचा चढउतार आणि मधला थांबा यांनी निवाडा होतो. कागदावर तो थांबा दाखविण्याचे काम पायाशी पडलेल्या एका टिंबाकडे आणि त्यानंतरच्या जागेकडे आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ या १९६० च्या कादंबरीपासून पुरुषोत्तम बोरकर यांच्या ‘मेड इन इंडिया’पर्यंत वऱ्हाडी बोलीने मराठी साहित्यात जे स्थान मिळविले, त्यात या बोलीच्या लयीचा वाटा मोठा आहे. ती लय वाचकापर्यंत पोचायची तर वाक्यान्त स्पष्ट दिसला पाहिजे. तेव्हा आख्यात हे पुरेसे गमक आहे हा युक्तिवाद प्रमाण मराठीच्या एका मर्यादित शैलीपुरता ग्राह्य आहे. बोलीच्या बाबतीत तो अपुरा पडतो.

मोडीच्या वाचकाचा दाखलाही जपून वापरला पाहिजे. मोडी पत्राची भाषा ठराविक मायन्यांची आणि ठराविक शेवटांची होती. पत्राचा विषय वाचणाऱ्यास बहुधा ठाऊक असे. त्याच्या सवयीवरून ललित किंवा धार्मिक गद्याच्या वाचनाविषयी अनुमान काढणे धोक्याचे आहे.

६

हाच धोका महानुभाव गद्याच्या बाबतीत प्रत्यक्षात आलेला आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपूर येथे चक्रधरांच्या आठवणी संकलित केल्या, त्या ‘लीळाचरित्र’ या नावाने प्रसिद्ध आहेत. गोविंदप्रभूंच्या आठवणींचा ‘ऋद्धिपूरलीळा’ हा ग्रंथही त्यांचाच. पुढे हे वाङ्मय सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत बंदिस्त झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि त्यानंतर यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, तसेच मूळ बुलढाणा जिल्ह्यातील वि. भि. कोलते यांच्या परिश्रमाने हे ग्रंथ अभ्यासकांच्या हाती आले. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली प्रसिद्ध केले. या संपादकांचे ऋण मोठे आहे. पुढील विवेचनात त्यांच्या कार्याचे अवमूल्यन नाही. त्यांनी सोडविलेला प्रश्न किती अवघड होता हेच त्यातून दिसेल.

लीळाचरित्राच्या शैलीविषयी लिहिताना तिची लहान लहान, सुटसुटीत वाक्ये हा गुण जवळजवळ प्रत्येक समीक्षकाने नोंदविला आहे. हा गुण मुळात आहे की छापील पानावर आला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. हस्तलिखितांत मजकूर सलग असतो. दंडासारख्या खुणा कोठे असतात, कोठे नसतात, आणि असल्या तरी त्या नकलकाराच्या असू शकतात, कारण म्हाइंभटांची मूळ प्रत उपलब्ध नाही. छापील प्रतीतील बिंदू, स्वल्पविराम, अवतरणचिन्हे आणि त्यांच्यामागची कोरी जागा ही संपादकाच्या अर्थनिर्णयाची खूण आहे. एका संपादकाने जेथे वाक्य संपविले तेथे दुसरा स्वल्पविराम देऊन पुढे जाऊ शकतो. तसे झाले की वाक्याची सरासरी लांबी बदलते, आणि तीवर उभारलेले शैलीविषयक विधानही बदलते. वाक्यातील शब्द मोजून प्राचीन गद्याची तुलना अर्वाचीन गद्याशी करणाऱ्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे की, तो मोजीत असलेली वाक्ये विसाव्या शतकात पाडलेली आहेत.

तरीही सर्व काही संपादकाच्या मर्जीवर आहे असे मानणे दुसऱ्या टोकाला जाणे होईल. या गद्यात भाषेच्या आतल्या सीमाखुणा आहेत. ‘मग’, ‘तव’, ‘एकु दिसु’ यांसारखे शब्द नव्या विधानाचा आरंभ दाखवितात. रोमन लिपीत मोठे अक्षर जे काम करते ते काम येथे ‘मग’ हा शब्द करतो असे म्हटले तरी चालेल. वाक्याची सीमा येथे शेवटाने नव्हे तर आरंभाने राखलेली आहे. जेथे असे शब्द जवळजवळ येतात तेथे वाक्ये लहान आहेत हे विधान हस्तलिखिताच्या आधारानेच सिद्ध होते, छपाईच्या नव्हे. म्हणून लहान वाक्यांचा सिद्धान्त सर्वस्वी टाकून देण्याचे कारण नाही. त्याचा आधार मात्र बदलला पाहिजे.

खरी अडचण संवादात आहे. अर्वाचीन मराठीत दुसऱ्याचे बोलणे सांगून झाल्यावर ‘असे तो म्हणाला’ हे शब्द येतात, त्यामुळे बोलणे कोठे संपले ते कळते. लीळांच्या गद्यात ‘म्हणितले’ हे क्रियापद बहुधा बोलण्याच्या आधी येते. बोलणे कोठे सुरू झाले हे त्यावरून निश्चित होते, पण ते कोठे संपले हे सांगणारा शब्द नसतो. आजच्या भाषेत एक कृत्रिम उदाहरण घेऊ : ‘त्यांनी म्हटले आता निघावे उशीर झाला होता’. येथे ‘उशीर झाला होता’ हे शब्द बोलणाराचे आहेत की कथन करणाराचे? पूर्णविराम, अवतरणचिन्ह आणि जागा दिल्यावाचून याचे उत्तर मिळत नाही. आणि ती दिली की उत्तर दिल्यासारखेच होते.

सामान्य कथेत हा भेद गौण ठरला असता. महानुभाव वाङ्मयात तो गौण नाही. चक्रधरांच्या मुखातील वचने निवडून केसोबासांनी ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला आणि पंथाचे तत्त्वज्ञान त्या सूत्रांवर उभे आहे. वचन कोठे संपले आणि निवेदन कोठे सुरू झाले, यावर कोणते शब्द श्रद्धेय आणि कोणते म्हाइंभटांचे, हे ठरते. वाक्यान्ताची जागा ही येथे प्रमाणग्रंथाची सीमारेषा होते. परंपरेने हा निर्णय मुखपाठाने आणि सूत्रपाठाच्या स्वतंत्र संकलनाने केलेला आहे. छापील प्रतीने तो जुळाऱ्याच्या खिळ्यांनी केला. या दोहोंचा मेळ कोठे बसतो आणि कोठे बसत नाही, याची तपासणी हे महानुभाव ग्रंथांच्या संपादनातील एक मोठे काम आहे.

७

या विवेचनातून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात.

पहिला निष्कर्ष नित्याच्या लेखनाविषयी. पूर्णविरामानंतर दोन जागा टंकित करण्याची जी सवय टंकलेखनवर्गांनी लावली ती संगणकावर सोडली पाहिजे. ओळ दोन्ही कडांना जुळविताना यंत्र प्रत्येक जागा ताणते, त्यामुळे दोन जागा प्रमाणाबाहेर रुंद होतात आणि पानावर पांढऱ्या भेगा दिसू लागतात. आंतरजालाच्या पानावर तर त्या एकत्र होऊन एकच जागा उरते. उलट, बिंदूनंतर जागाच न सोडण्याची आणि बिंदूपूर्वी जागा सोडण्याची जी अव्यवस्था प्रबंधांतून व निमंत्रणपत्रिकांतून दिसते, तीही थांबली पाहिजे. जागा एकच असावी, बिंदूच्या नंतर असावी आणि सर्वत्र असावी.

दुसरा निष्कर्ष संक्षेपांविषयी. ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘ता.’, ‘जि.’ आणि नावांतील आद्याक्षरे यांच्यापुढे साधी जागा न देता संगणकावर उपलब्ध असलेली न तुटणारी जागा द्यावी. ही दिसायला साध्या जागेसारखीच असते, पण तिच्यावर ओळ तुटत नाही, ‘डॉ.’ एका ओळीत आणि नाव दुसऱ्या ओळीत असे होत नाही. याहून महत्त्वाचे हे की, संक्षेपाचा बिंदू आणि वाक्याचा बिंदू यांतील जो भेद लिपीने दाखविलेला नाही तो या दोन प्रकारच्या जागांनी दाखविला जातो. भेद जागांच्या संख्येत नसून त्यांच्या जातीत राहतो, आणि यंत्रालाही तो कळतो.

तिसरा निष्कर्ष मुद्रणाविषयी. वरील भेद लेखकाने पाळला तर वाक्यान्तीची जागा मुद्रकाला स्वतंत्रपणे वाढविता येईल. एकोणिसाव्या शतकातील तिप्पट जागा अतिरेकी होती. परंतु शब्दांमध्ये एक तृतीयांश एम आणि वाक्यान्ती अर्धा एम, म्हणजे दीडपट, हे प्रमाण मराठी पानावर शिरोरेषेचा खंड जाणवण्याइतके मोठे आणि भेग न दिसण्याइतके लहान आहे. इंग्रजीने वाक्यान्तीची जागा आकुंचित केली म्हणून मराठीनेही ती करावी, या अनुकरणाला लिपीचा आधार नाही. पूर्वी ती मोठी ठेवली तीही अनुकरणाने, आणि आज लहान करतो तीही अनुकरणाने. आपल्या लिपीचा विचार करून घेतलेला निर्णय यांपैकी एकही नाही. दंड पुन्हा गद्यात आणावा हा पर्याय तर्काने सर्वांत निर्दोष आहे. पण पावणेदोनशे वर्षांची सवय आणि छापलेले सारे गद्य त्याच्या विरुद्ध आहे, म्हणून तो व्यवहार्य नाही.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष प्राचीन ग्रंथांच्या संपादनाविषयी. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. जुनी हस्तलिखिते संगणकावर आणण्याचे काम आता वाढत जाणार. अशा वेळी संपादकाने दिलेले विराम आणि हस्तलिखितातील खुणा यांना एकाच चिन्हाने दाखविणे ही पुढील अभ्यासकांची वाट बंद करणारी गोष्ट ठरेल. हस्तलिखितातील दंड दंड म्हणूनच राखावा; संपादकाने पाडलेला वाक्यान्त वेगळ्या खुणेने नोंदवावा; आणि जेथे दोन प्रकारे वाक्य तोडता येते तेथे दोन्ही वाचने द्यावीत. एकदा बिंदू आणि जागा देऊन मजकूर यंत्रात गेला की त्याच्या नकला होत राहतात आणि तो निर्णय कोणी केला होता हे पुढे कोणाला शोधता येत नाही. हस्तलिखितात वाचक निदान थांबून विचार तरी करीत असे.

मराठी गद्याच्या इतिहासात वाक्य कोठे संपते हा प्रश्न सुटलेला आहे असे समजून आपण चालत आलो. रिद्धपूरच्या गद्यापुरते बोलायचे तर तो प्रश्न अजून पानोपानी मोकळाच आहे. तो सोडविण्याची पहिली पायरी म्हणजे छापील पानावरील प्रत्येक कोरी जागा कोणी आणि कशाच्या आधारे सोडली आहे, हे विचारणे.